रिटायर झाल्यावर राहायचं घर आत्ताच घेताय? मग गणपतीत नाही, मे महिन्यात बघायला जा

आमच्या ट्रेनच्या ग्रुपमध्ये दरवर्षी हे ठरलेलं आहे, गणपतीला गावाला गेलेली मंडळी परत आली की पहिला आठवडा चर्चा एकच, बस झाली मुंबई, आता दापोलीला नाहीतर सावंतवाडीला एक छोटंसं घर घेऊन टाकायचं, आत्ता घेतलं तर स्वस्तात मिळेल आणि साठी झाली की जाऊन राहायचं. त्यांचं चुकत नाही हो. भाद्रपदात कोकण दिसतंच तसं, विहीर काठोकाठ, डोंगर हिरवेगार, घरात पंधरा माणसं, रात्री आरत्या आणि भजनं. पण तुम्ही रिटायर होऊन तिथे राहाल तेव्हा घरात पंधरा माणसं नसणार, दोनच असणार, आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात कुठे असतं ते तुम्ही कधी बघितलेलंच नसतं.

मी दहिसरला राहतो, वय ५४, नोकरी फोर्टात, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. पंधरा वर्षांत या विषयात मी एकदा चांगलाच फसलो आणि एकदा बऱ्यापैकी जमलं. त्या दोन्हीतून जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट फिट करून घ्या. "पैसे वाढतील का" आणि "मला तिथे राहता येईल का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एजंट दोन्हीचं उत्तर एकाच फोटोत देतो, समुद्र, नारळ, खुर्ची, चहाचा कप. मी आता उलटा विचार करतो. माझ्याशी काही संबंध नसलेलं, सत्तरीचं, गुडघे दुखणारं एखादं जोडपं हे घर भाड्याने घेईल का? किंवा विकत? उत्तर हो असेल तर तिथे भाडंही मिळतं, विकतानाही गिऱ्हाईक मिळतं, आणि उद्या त्या जोडप्याच्या जागी आपण असू तेव्हा आपलंही निभतं. आणि असं घर बहुतेक वेळा डोंगरउतारावर किंवा बीचला लागून नसतं, ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात असतं, बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांवर, फोटो काढण्यासारखं काही नसलेल्या एखाद्या तीन मजली बिल्डिंगमध्ये.

माझा कर्जतचा प्लॉट

२०११ साली कर्जत तालुक्यात प्लॉट घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, रविवारी एसी बसने साइट व्हिजिट, वर पुलाव आणि गुलाबजाम. गावचा सातबारा असल्यामुळे मी शेतकरी आहे, म्हणून माझं खरेदीखत झालंसुद्धा. (महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. कोणी म्हणालं की "ते आम्ही बघून घेतो साहेब" तर तिथूनच परत फिरा.) कागदावर लिहिलं होतं "एनए प्रपोज्ड". एनए म्हणजे बिगरशेती, आणि प्रपोज्ड म्हणजे आम्हाला करायची इच्छा आहे, एवढंच. माझ्या जमिनीबाबत ती इच्छा अजून इच्छाच आहे.

खरी गोम पुढे आहे. एका गट नंबरात आम्ही १४ जणांनी जमीन घेतली, सातबाऱ्यावर चौदा नावं सामाईक, कोणाचा तुकडा कुठला ते फक्त कंपनीच्या रंगीत नकाशात. पोटहिस्से पाडून देतो म्हणाले होते ते पाडलेच नाहीत, नंतर ऑफिस बंद झालं. आता विकायला काढलं की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, तुमचा प्लॉट नेमका कुठून कुठपर्यंत? आणि ते सांगायला सरकारी मोजणी पाहिजे, त्याला सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, त्यातला एक दुबईला, एक वारला आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. भाव वाढला का? वाढला ना, आजूबाजूला विचारलं तर तिप्पट सांगतात. पण तो भाव माझ्या हातात येत नाही तोवर तो आकडा नुसता मनाच्या समाधानासाठी.

यातून पहिला धडा असा की लांब पल्ल्याच्या गुंतवणुकीत भाव किती वाढेल यापेक्षा बाहेर कसं पडणार हे आधी बघायचं. दुसरा, प्लॉट भाडं देत नाही, उलट खातो. कुंपण, त्याची दुरुस्ती, फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागून झाडं जळतात ते, कोणी गुरं बांधायला सुरुवात करतं, मग शेड, मग "आम्ही इथे वीस वर्षं आहोत". तिथे राहणारं तुमचं विश्वासाचं माणूस नसेल तर प्लॉटच्या नादाला लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. बायको तर म्हणते सुद्धा की तिने तेव्हाच सांगितलं होतं, आणि दुर्दैवाने ते खरं आहे.

जागा कशी निवडायची

मे च्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या मध्यात एकदा, अशा दोन फेऱ्या केल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. मे मध्ये पाणी कळतं. कोकणात एवढा पाऊस पडतो पण जांभ्याच्या कातळावर पाणी थांबत नाही, म्हणून मार्चनंतर कित्येक वाड्यांना टँकर लागतो. बिल्डरला विचारू नका, शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा की टँकर कधीपासून येतात आणि केवढ्याला. जुलैमध्ये बाकीचं कळतं, छत गळतं का, भिंतीला ओल किती वर चढते, लाइट गेली तर किती तासांनी येते, रस्ता राहतो का. लोणावळा-खंडाळ्याला किंवा महाबळेश्वरला ज्यांनी फक्त डिसेंबर बघितलाय त्यांनी पावसाळ्यात आठ दिवस राहून बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि संधिवातवाल्याचे हाल होतात.

मग दवाखाना. इथे लोक "जवळ हॉस्पिटल आहे" एवढ्यावर गप्प बसतात. जवळ म्हणजे काय आहे तिथे? रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर अँजिओप्लास्टी होईल असं ठिकाण किती मिनिटांवर, डायलिसिस कुठे होतं, हाडांचा डॉक्टर रोज बसतो का गुरुवारी येतो. रस्त्याने स्वतः जाऊन वेळ लावा, गूगलचा वेळ घाटात आणि पावसात धरू नका. दापोली मला फार आवडतं, हवा मस्त, कृषी विद्यापीठामुळे गावाला एक शिस्त आहे आणि विद्यार्थी-नोकरदारांमुळे भाड्याला गिऱ्हाईकही मिळतं. पण रेल्वे स्टेशन खेडला, मोठ्या इलाजाला बाहेर पडावंच लागतं, आणि निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२०, त्या पट्ट्यात माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कितीतरी दिवस लाइट नव्हती. हे सगळं धरून घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

अलिबागचं म्हणाल तर २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला, त्यामुळे भाव कधीच पुढे पळून गेलेत. म्हणजे जी बातमी ऐकून तुम्ही घ्यायला निघालात ती विकणाऱ्याने तुमच्या आधी वाचलेली आहे. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात हे विसरू नका, तेव्हा रोज ये-जा करू म्हणणाऱ्यांनी जून ते ऑगस्टचं काय ते ठरवावं. किहीम-आवास-नागावच्या बंगल्यांचा विचार आपल्यासारख्यांनी सोडलेलाच बरा, पण अलिबाग शहरात एसटी स्टँड आणि जिल्हा रुग्णालयाच्या आसपासचे जुने फ्लॅट बघण्यासारखे असतात.

पुणे सगळ्यांना माहीत आहे, तिथे अथश्रीसारखे फक्त ज्येष्ठांसाठीचे प्रकल्पही बऱ्याच वर्षांपासून आहेत. हॉस्पिटल्स उत्तम, पण पैसे मुंबईच्या लांबच्या उपनगरांएवढेच जातात आणि ट्रॅफिकबद्दल मी काही बोलत नाही. असल्या सिनियर लिव्हिंग प्रकल्पात घेणार असाल तर एवढं बघा की घर तुमच्या मालकीचं होतंय का फक्त राहण्याचा हक्क मिळतोय, महिन्याचा सर्व्हिस चार्ज दरवर्षी कसा वाढतो, आणि वयाची अट असेल तर उद्या वारसाला तिथे राहता येईल का, का विकावंच लागेल. महारेराने (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी किमान सोयींचे नियम केलेत, लिफ्ट, व्हीलचेअर जाईल एवढे दरवाजे, न घसरणाऱ्या लाद्या, बाथरूममध्ये धरायला दांड्या वगैरे, ते वाचून मग सॅम्पल फ्लॅट बघायला जा, डोळे उघडे राहतात.

मी शेवटी नाशिक घेतलं. कोकणातला माणूस घाटावर गेला म्हणून नातेवाईकांनी टोमणे मारले. पण हवा कोरडी, साधारण सहाशे मीटर उंचीवर, कल्याणहून तीन तासांच्या आत रेल्वेने, मोठी हॉस्पिटल्स शहरातच, आणि मुख्य म्हणजे बारा महिने नोकरदार भाडेकरू असतात. आत्ता मात्र तिथे २०२७ च्या कुंभमेळ्याच्या नावाने भाव सांगतायत, त्याला भुलू नका. कुंभमेळा काही महिन्यांचा, तुमचं घर वीस वर्षांचं.

आणि एक, जिथे घ्यायचं तिथे आधी भाड्याने राहा. निदान एक महिना, तोही सिझन सोडून. आमच्या ऑफिसातले एक जण सावंतवाडीला असे राहिले, सहाव्या आठवड्यात परत आले, म्हणाले संध्याकाळी सातनंतर बोलायला कोणी नाही. त्यांचे दीड महिन्याचे भाड्याचे पैसे गेले, पण फ्लॅटचे लाखो वाचले.

गावचं घर आहे ना, मग?

खूप जणांचं हेच असतं. वडिलोपार्जित घर आहे, जमीन आहे, मग विकत कशाला घ्यायचं. बरोबर आहे, पण सातबारा काढून बघा आधी, महाभूलेखच्या साइटवर फुकट दिसतो आणि डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. कोकणातल्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असणं काही नवल नाही, त्यातली निम्मी आजोबांच्या पिढीची. त्या जमिनीवर घर बांधलंत तर खर्च तुमचा आणि जमीन सगळ्यांची. घरपट्टी आपल्या नावावर येते म्हणून आपण मालक असं समजणारे भरपूर आहेत, पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी वारसनोंदी लावून घ्यायच्या, मग वाटप. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडून होतं, नसतील तर कोर्ट, आणि कोर्ट म्हटलं की तुमचं रिटायरमेंट तिथेच जाईल. हे काम पन्नाशीच्या आत काढा कारण मोठे काका, आत्या जिवंत आहेत तोवर चार माणसं त्यांचं ऐकतात. नंतर चुलत भावंडं आणि त्यांची मुलं, कोणी ठाण्याला, कोणी अमेरिकेत, कोणी कोणाशी बोलत नाही. आणि बहिणींच्या, आत्यांच्या नावांची नोंद टाळून "आपण भावा-भावांत करून टाकू" हे अजिबात नको, त्यांचा हक्क कायद्याने आहे आणि पुढे विकताना घेणाऱ्याचा वकील पहिलं तेच शोधतो. आमचं वाटप व्हायला सहा वर्षं लागली, त्यात चार वर्षं फक्त फणसाचं एक झाड कोणाच्या हिश्शात यावर गेली. चेष्टा नाही.

कागद

जमीन घेताय तर वकील तिथल्या तालुक्याचा घ्या, अंधेरीचा नको. तिथल्या वकिलाला माहीत असतं कुठल्या गटावर भानगड आहे. त्याच्याकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदलेल्या व्यवहारांची तपासणी, करून घ्या. सातबाऱ्यावर तुम्ही स्वतः बघायचं ते म्हणजे भोगवटादार वर्ग १ आहे का वर्ग २. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. "इतर हक्क" हा रकाना लोक वाचतच नाहीत आणि सगळं विष तिथेच असतं, कुळाचं नाव, बँकेचा बोजा, देवस्थान, पुनर्वसन. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, मागे-मागे जात वाचायचे. कर्जत, पालघर, डहाणू भागात आदिवासी खातेदाराची जमीन मध्ये कुठे आली असेल तर बिगर आदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, जुना फेरफार बघितल्याशिवाय हे कळत नाही.

मोजणी भूमी अभिलेखकडून, तिची "क" प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आली की हद्दीच्या दगडावर उभं राहून फोटो काढून ठेवायचे. रस्ता नकाशात आहे का हे बघा, जागेवर असलेला रस्ता कोणाच्या तरी शेतातून उपकारावर चालू असू शकतो. तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे होऊ न देणारा, कायदा १९४७ पासून आहे, गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार करताना आज काय नियम आहे ते तहसीलला विचारून घ्या कारण त्यात अलीकडे बदल होत आलेत. समुद्राजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं, भरतीरेषेपासून किती अंतरावर आहात ते मंजूर नकाशावर बघायचं, पावलांनी मोजायचं नाही. माथेरानभोवती आणि महाबळेश्वर-पाचगणीला २००१ ते २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन लागू आहे, तिथे बांधकामाला बंधनं आहेत. कुलमुखत्यारपत्रावर आणि नोटरीवर होणाऱ्या "विक्री"ला हात लावू नका, त्याने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ लाच सांगितलंय.

फ्लॅटचं त्यामानाने सोपं. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराचा नंबर टाकून साइटवर बघा, प्लॉटिंगच्या प्रोजेक्टलासुद्धा रेरा लागतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं (सूट फक्त ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा ८ पर्यंत घरांना). महाराष्ट्रात हे १ मे २०१७ पासून आहे, माझ्या कर्जतच्या वेळी नव्हतं. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त मागू शकत नाहीत, मागितले तर समजून जा. तरी मी म्हणेन की रिटायरमेंटसाठी घेताय तर ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेली, पाच-दहा वर्षं जुनी सोसायटी घ्या. जीएसटी लागत नाही, गळती-पाणी-शेजार सगळं डोळ्यांनी दिसतं, आणि भाडं पुढच्या महिन्यापासून सुरू होतं. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे) किती आहेत, लिफ्ट आहे का आणि चालते का, एवढं सेक्रेटरीकडून काढून घ्या. पहिल्या मजल्यावर आहे म्हणून लिफ्ट नको म्हणणाऱ्यांनी आपल्या आईला विचारून बघावं.

भाव ठरवताना एजंटचा आकडा सोडा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच बिल्डिंगचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) निघतात, गेल्या वर्षभरात कितीला रजिस्टर झाले ते दिसतं. मी नाशिकला हे प्रिंट काढून नेलं होतं, मालक सांगितलेल्या आकड्यावरून सरळ अडीच लाख खाली आला.

पैशाचं गणित

हे कंटाळवाणं आहे पण न केल्यामुळेच लोक फसतात. समजा घर ४० लाखांचं. भाडं महिन्याला १० हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख २० हजार, तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, वर्षातला एक महिना रिकामा, दर चार वर्षांनी रंग आणि प्लंबर, हे काढलं की दोन टक्के राहतात असं धरा. घराची किंमत वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली असं मानलं तर १५ वर्षांत ४० चे साधारण ९६ लाख. तेच ४० लाख ७ टक्क्यांच्या एफडीत चक्रवाढीने ठेवले तर टॅक्सच्या आधी १ कोटी १० लाख. म्हणजे "जमीन कधी धोका देत नाही" वगैरे ऐकायला छान आहे, प्रत्यक्षात भाडं चालू असेल तरच घर एफडीच्या जवळपास जातं, आणि बंद ठेवलेलं घर मागे पडतं. वर साडेआठ टक्क्यांनी लोन काढून घर बंद ठेवणं म्हणजे तर कहरच. आणि ६ टक्के तरी कोणी लिहून दिलेत?

म्हणून नियम माझ्यापुरता असा, लोन घ्यायचंच तर निम्म्याच्या आत, आणि ५५ व्या वर्षापर्यंत फिटलं पाहिजे. प्लॉटवर आणि गावठाणातल्या घरावर बँका एक तर लोन देत नाहीत किंवा कमी देतात, ते आधी विचारून घ्या, टोकन देऊन नंतर नाही. किमतीच्या वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, वकील, एजंटचे एक-दोन टक्के, हे धरा. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ४० लाखांवर ४० हजार. मीही घर बायकोच्याच नावावर घेतलं, पण तेव्हा ही सवलत नव्हती. आता घरात कोणाची मालकी आहे हे मला आठवड्यातून एकदा ऐकवलं जातं. घर ५० लाख किंवा वरचं असेल तर विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो, विसरलात तर नोटीस तुम्हाला येते.

टॅक्समधली एक गोष्ट मात्र खोलात समजून घ्या, कारण "आत्ता घेऊन ठेवू, साठीला मुंबईचं विकू" हा प्लॅन जवळपास सगळ्यांचा असतो आणि त्यात एक खड्डा आहे. मुंबईचं घर विकून झालेल्या नफ्यातून दुसरं घर घेतलं तर कॅपिटल गेनमधून सूट मिळते, पण ते दुसरं घर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात घेतलेलं असावं लागतं (बांधत असाल तर तीन वर्षं). तुम्ही नाशिकचं घर दहा वर्षं आधीच घेऊन बसलात तर ते त्यात बसत नाही. मग मुंबईच्या नफ्यावर १२.५ टक्के, किंवा घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर २० टक्के इंडेक्सेशनसकट (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून), जे कमी पडेल ते. हा टॅक्स वाचवायला विक्रीनंतर सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत कॅपिटल गेन बाँड घेता येतात, पाच वर्षं अडकतात, पण रिटायर माणसाला ते चालून जातं. म्हणजे लवकर घेण्याचा फायदा मोजताना हा टॅक्स त्यातून वजा करा. माझ्या एका मित्राने हे गणित मांडलं आणि आत्ता घेण्याचा विचारच सोडला, तो म्हातारपणी थेट अदलाबदल करणार आहे. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

घेतल्यावर पंधरा वर्षं

भाडेकरू ठेवा, आणि लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करूनच ठेवा, ऑनलाइन होतं, महाराष्ट्रात रजिस्टर करणं बंधनकारकच आहे. पोलीस स्टेशनला माहिती द्या. भाडं बाजारापेक्षा पाचशे कमी घेतलं तरी चालेल पण माणूस चांगला बघा, बँकेतला, शिक्षक, नर्स, बदलीवर आलेले लोक घर नीट ठेवतात. माझ्याकडे २०१८ पासून दोनच भाडेकरू झाले, भाडं साडेआठ हजारांवरून तेरावर आलं. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, बिलं जमवायला लागत नाहीत.

किनाऱ्यावरचं घर असेल तर खारा वारा लोखंड खातो, ग्रिल, एसीचं आउटडोअर, पंपाची मोटर, दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी बदलणार. जांभ्याच्या घरात वाळवी आणि कौलांवर माकडं. बंद घर चार पावसाळ्यांत म्हातारं होतं, बंद घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे देऊन त्यांनी आठवड्यातून एकदा खिडक्या उघडाव्यात एवढी व्यवस्था केली तरी पुष्कळ फरक पडतो, अर्थात दिवाळीला साडी न विसरता.

साठीला तिथे जाल तेव्हा मुंबईचं घर लगेच विकू नका. भाड्याने द्या, दोन वर्षं तिकडे काढा, मग ठरवा. मुंबईच्या भाड्यात नाशिकचा महिना आरामात निघतो आणि मन नाही रमलं तर परतीचा रस्ता राहतो, एकदा विकलं की पुन्हा मुंबईत घर घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. दोन्ही घरांचं मृत्युपत्र करून ठेवा, सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, वारसांत भांडण झालं तर नॉमिनी नुसता राखणदार ठरतो.

बाकी कर्जतच्या प्लॉटचं, दुबईवाल्याची सही गेल्या महिन्यात आली आणि वारलेल्या गृहस्थांच्या मुलीने वारसनोंदीचा अर्ज टाकलाय. मोजणीची तारीख मिळाली की आम्ही सगळेच सुट्टी टाकणार आहोत, पुलाव यावेळी आपापल्या घरून.